आधी विचार, मग बोंबल

"सर, ब्लूटूथ चालत नाही." हे काय वाक्य झालं? काय चालत नाही? कुठं अडलंय? कधीपासून? चिप जागेवर आहे का? का कुणी रेडिओ बंद करून ठेवलाय? का सगळं ठणठणीत आहे आणि तुझा हेडफोन रूममेटच्या मोबाइलला जाऊन चिकटलाय? यातलं नेमकं काय? तुला माहीत नाही. माहीत नाही याचा मला राग नाही. तू विचारलंच नाहीस, याचा आहे.

लॅपटॉप तुझ्या मांडीवर. टर्मिनल बोटाच्या अंतरावर. मशीन उत्तर द्यायला बसलेलंच आहे, फक्त कुणी विचारायला हवं. आणि तू काय केलंस? रीस्टार्ट केलं. पुन्हा रीस्टार्ट केलं. मग एक व्हिडिओ बघितलास. त्यातल्या आज्ञा सुडो लावून एकामागून एक चिकटवल्यास, कुठली काय करते ते न वाचता. मग मित्राला फोन. तो म्हणाला, फॉरमॅट मार. तू मारलास! काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे आमच्या वेळचं झालं. तू वळसा घालता घालता कळसाच फोडून आलास.

सगळ्यात वाईट काय झालं सांगू? फॉरमॅटनंतर ते चालू झालं. झालं, आता तुला औषध सापडलं. यापुढे जन्मभर तू फॉरमॅट मारत बसणार. पण ते का चालू झालं, हा प्रश्न तुला पडला का? नाही पडला. मग ऐक. तुझा रेडिओ सॉफ्टवेअरमधून बंद केलेला होता. बाकी काही झालं नव्हतं. लिनक्समध्ये सिस्टिमडी-आरएफकिल नावाची सेवा ही 'बंद' खूण डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी मशीन सुरू झालं की इमानदारीनं पुन्हा तशीच लावते. म्हणून रीस्टार्टनं काही होत नव्हतं. तू रात्रभर रीस्टार्ट करत बसला असतास तरी झालं नसतं. डिस्क पुसलीस तेव्हा ती खूणही पुसली गेली, म्हणून रेडिओ सुरू झाला. एका ओळीचं काम होतं: आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ. त्या एका ओळीसाठी तू जर्नल घालवलंस, प्रोजेक्टचा कोड घालवलास, बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो घालवलेस. बॅकअप? त्याचं नावच काढू नकोस, तो रागाचा वेगळा विषय आहे.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सोमेश्वर तर आपल्या कॉलेजच्याच बारामती तालुक्यात आहे, निदान तो बंब तरी घरचा म्हणायचा.

तुला काही येत नसतं तर मी एवढं बोललो नसतो. गेल्या सत्रात ब्लूटूथवर सेमिनार कुणी दिला? तूच ना? याप हार्टसन यानं स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत हे काम कसं उभं केलं. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा अशा पाच कंपन्या एकत्र कशा आल्या. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ चॅनेल कसे पाडले आणि जोडलेली दोन यंत्रं सेकंदाला १६०० वेळा चॅनेल कसं बदलतात. सगळं घडाघडा सांगितलंस. टाळ्या पडल्या. गुणही पडले. जगातल्या ब्लूटूथची कुंडली तुला पाठ आहे. आणि तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपमधलं ब्लूटूथ या क्षणाला चालू आहे की बंद? ते ठाऊक नाही. मग तो सेमिनार कुणासाठी होता? माझ्यासाठी? मला ते आधीच माहीत होतं.

सुट्टीला गावी जातोस ना, इंदापूरकडे? नीरा डाव्या कालव्याखालचं तुमचं रान. विहिरीवरची मोटार चालू झाली नाही की वडील काय करतात? 'मोटार चालत नाही' म्हणून बांधावर बसून राहतात? आधी लाईट आहे का बघतात. मग तिन्ही फेज आल्यात का. मग फ्यूज. मग स्टार्टर. मोटार फिरतेय पण पाणी येत नाही, म्हणजे फूटव्हॉल्व्ह. एका वेळी एकच प्रश्न. त्याचं उत्तर मिळालं की पुढचा. फ्यूज गेला म्हणून त्यांनी कधी नवी विहीर खणायला काढली? तू काढलीस. फॉरमॅट म्हणजे दुसरं काय होतं? आणि रात्रीच्या लाईटला बॅटरी धरून त्यांच्यासोबत तूच जातोस. फ्यूजची तार तूच घालतोस. म्हणजे तपासायची रीत तुझ्या हातात आहे. कॉलेजच्या गेटात शिरताना ती कुठं सांडतोस, तेवढं सांग.

चल, आता पायरी पायरीनं जाऊ. मी पुढं आणि तू मागं, असं नाही. तू पुढं चालायचं, मी मागून बघणार. आणि एक गोष्ट पक्की ठेव. मी आता सांगतो त्या तपासायच्या सगळ्या आज्ञा नुसत्या बघायच्या आहेत. त्यांनी काही बदलत नाही, काही मोडत नाही. तुला भीती कशाची आहे मग?

पहिला प्रश्न. चिप दिसतेय का? एलएसयूएसबी टाइप कर. तू म्हणशील, "सर, वायफाय चालतंय, म्हणजे कार्ड चांगलंच आहे." थांब. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात हे खरं. पण वायफाय पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेनं बोलतं आणि ब्लूटूथ बहुधा आतल्या यूएसबीच्या वाटेनं. एका घरात राहतात, दारं दोन आहेत. एक दार उघडं दिसलं म्हणून दुसऱ्याची खात्री तू कशी देतोस? यादीत ब्लूटूथची ओळ नसेल तर ते बायोसमध्ये बंद केलेलं असेल, कार्ड ढिलं असेल, नाहीतर खरोखर मेलेलं असेल. हे कळलं की पुढचे पाच प्रश्न वाचतात. मग स्क्रू ड्रायव्हर घे. तिथं टर्मिनलचं काम संपलं.

दुसरा प्रश्न. कर्नलनं त्या चिपला ओळखलं का? डीमेसेज घे आणि त्यातून ब्लूटूथच्या ओळी गाळून काढ. उबुंटूवर सुडो लागेल. ड्रायव्हरचं नाव बीटीयूएसबी, तो चढलाय का हे एलएसमॉडमध्ये बघ. इंटेल, रिअलटेक यांच्या चिपांना सुरू होताना फर्मवेअरची फाइल भरवावी लागते. ती सापडली नाही तर कर्नल लपवत नाही. फाइलचं नाव घेऊन सांगतो की चढवता आली नाही, आणि शेवटी उणे दोनचा आकडा लिहितो. उणे दोन म्हणजे फाइल जागेवर नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात हेच एररचे आकडे तू लिहिले होतेस. डेबियननं तर २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून असलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. त्याआधी ते वेगळं मिळवावं लागायचं. तू कुठली आवृत्ती टाकलीस? "मित्राच्या पेनड्राइव्हवर जी होती ती." वा! औषधाच्या दुकानात जाऊन 'असेल ती गोळी द्या' म्हणतोस का रे?

तिसरा प्रश्न. रेडिओ कुणी बंद केलाय का? आरएफकिल लिस्ट. दोन ओळी येतात. सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड, पुढे येस नाहीतर नो. सॉफ्टपुढे येस म्हणजे सॉफ्टवेअरनं बंद केलंय, सॉफ्टवेअरनं उघडेल. हार्डपुढे येस म्हणजे लॅपटॉपच्या अंगावरचं बटण, विमानाचं चित्र असलेली कळ किंवा बायोस. तिथं तू हजार आज्ञा दिल्यास तरी उपयोग नाही. बोटानं कळ दाबावी लागेल. तुझं दुखणं नेमकं या पायरीवर होतं. तिसऱ्या प्रश्नावर. तू पहिलाही विचारला नाहीस.

चौथा प्रश्न. सेवा जागी आहे का? सिस्टिमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ. हिरव्या अक्षरात ॲक्टिव्ह आलं तर पुढे चल. इनॅक्टिव्ह आलं तर सुरू कर. फेल्ड आलं तर त्याच्याच खाली शेवटच्या काही ओळी छापलेल्या असतात, त्या वाच. वाच म्हणजे वाच. लाल रंग दिसला की तू खिडकी बंद करतोस, मी बघितलंय. लाल रंग म्हणजे शिवी नाही. ते मशीनचं म्हणणं आहे. तू ऐकून घेत नाहीस आणि वर म्हणतोस की मशीन काही सांगत नाही.

पाचवा प्रश्न. कंट्रोलरला वीज दिलीय का? ब्लूटूथसीटीएल शो. इथं बारकाईनं बघ, कारण तीन वेगवेगळी उत्तरं येऊ शकतात आणि तू तिन्हींना एकच नाव देतोस. 'नो डिफॉल्ट कंट्रोलर अव्हेलेबल' आलं, तर मागे जा, चिप नाहीतर ड्रायव्हर सापडलेला नाही. 'वेटिंग टू कनेक्ट टू ब्लूटूथडी' म्हणून ताटकळत राहिलं, तर सेवाच सुरू नाही, चौथ्या प्रश्नाकडे जा. आणि 'पॉवर्ड: नो' आलं, तर सगळं जागेवर आहे, फक्त चालू करायचं राहिलंय. पॉवर ऑन म्हण, संपलं. तीन दुखणी, तीन औषधं. तुझ्या तोंडी मात्र तिन्हींना एकच शब्द: "चालत नाही." डॉक्टरकडे गेलास तर 'दुखतंय' एवढंच सांगून निघून येशील बहुतेक. कुठं दुखतंय ते त्यांनी ओळखावं.

सहावा प्रश्न. समोरच्या वस्तूशी नातं काय आहे? ब्लूटूथसीटीएल डिव्हाइसेस म्हटलं की नावं येतील. ज्याच्याशी काम आहे त्याचा पत्ता देऊन इन्फो विचार. पेअर्ड, ट्रस्टेड, कनेक्टेड. या तीन शब्दांचे अर्थ तीन आहेत. पेअर्ड म्हणजे ओळख झाली. ट्रस्टेड म्हणजे पुढच्या वेळी न विचारता आत यायची मुभा. कनेक्टेड म्हणजे आत्ता या घटकेला बोलणं चालू आहे. तू यादीत नाव बघतोस आणि म्हणतोस, "सर, जोडलंय, पण आवाज येत नाही." जोडलेलं नाहीये रे. ओळख आहे फक्त.

आणि तुझ्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच लॅपटॉपवर आहेत, हे तू मला सांगितलंसच नाहीस. मला तुझ्या स्क्रीनवरून कळलं. विंडोजमध्ये हेडफोन जोडलास की नवी किल्ली तयार होते. हेडफोनला लॅपटॉपचा पत्ता तोच दिसतो, म्हणून तो जुनी किल्ली टाकून नवी ठेवतो. लिनक्सकडे राहते ती जुनी. दोघंही खरं बोलतात आणि कुलूप उघडत नाही. मग तू म्हणतोस, लिनक्सच भंगार. दोन घरी बोलणी तू करून आलास आणि दोष देतोस तिसऱ्याला.

सहा प्रश्न. पाच मिनिटांचं काम. चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

आता तुझ्या सबबी घेऊ. एकेक काढ बाहेर.

"सर, त्या आज्ञा चालतच नाहीत." कुठल्या? एचसीआयकॉन्फिग, एचसीआयटूल. कुठून घेतल्यास? जुन्या व्हिडिओतून. लिनक्सच्या ब्लूटूथचा कारभार ब्लूझेड बघतं आणि त्यांनी ही हत्यारं २०१७ सालीच जुनी ठरवून बाजूला केली. काही वितरणांत ती वेगळं पॅकेज टाकल्याशिवाय मिळतसुद्धा नाहीत. व्हिडिओखालची तारीख बघायला किती वेळ लागतो? एसटीचं वेळापत्रक बघताना तू गेल्या वर्षीचा कागद बघतोस का? मग इथंच का?

"सर, एआयला विचारलं होतं." विचारलंस, चांगलं केलंस. पण काय विचारलंस? "ब्लूटूथ चालत नाही." कचरा टाकलास, कचरा आला. त्यानं दहा उपाय दिले आणि तू दहाही केलेस. आरएफकिलचं उत्तर त्याच्यापुढे ठेवलं असतंस तर एकच उपाय आला असता. त्याला तुझ्या लॅपटॉपच्या आतलं दिसत नाही. तुला दिसतं. जे फक्त तुला दिसतं ते तू बघायचं नाही आणि ज्याला दिसत नाही त्याला विचारत बसायचं, ही कुठली अक्कल?

"सर, इंग्रजी." आलास मूळ पदावर. 'पॉवर्ड: नो' यात कुठलं इंग्रजी अवघड आहे? 'ब्लॉक्ड: येस' यासाठी शब्दकोश लागतो? गेमच्या मेन्यूतलं इंग्रजी तुला बरोबर कळतं. क्रिकेटचे आकडे इंग्रजीत घडाघड वाचतोस. मराठी माध्यम ही अडचण असते, मी नाकारत नाही. मीही त्याच बाकावरून आलोय. पण तिची ढाल करून तिच्यामागे झोपायचं नाही.

"सर, आम्ही खेड्यातली पोरं." हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. तुझ्याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. माळरानावर वसलेल्या त्या गावच्या कारखान्यानं इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटारींची आवरणं घडवून दिली. चांद्रयान घेऊन गेलेल्या अग्निबाणातसुद्धा त्यांचं काम आहे. तिथं वेल्डिंगचा जोड तपासल्याशिवाय पुढे पाठवतात, असं वाटतं तुला? "दिसतंय बरं, जाऊ द्या" म्हणतात? तिथं तुझ्यासारखीच आजूबाजूच्या गावांतली माणसं काम करत आली. खेडं आडवं येत नाही. आळस येतो.

"सर, लॅपटॉप जुना आहे, सेकंडहँड आहे." हो, जुना थिंकपॅड आहे. आणि त्याच्याइतकं सरळ बोलणारं मशीन तुला शोधून सापडणार नाही. प्रॉक, एसीपीआय, आयबीएम या फोल्डरमध्ये ब्लूटूथ नावाची फाइल असते. कॅट लावून उघड. स्टेटस एनेबल्ड, नाहीतर डिसेबल्ड. एका शब्दात जबाब. आणि बॅटरी वाचवायला तू टीएलपी टाकलंयस, आठवतंय? त्याच्यासोबत 'ब्लूटूथ' याच नावाची आज्ञा येते. नुसतं नाव लिहून एंटर दाबलं की ऑन का ऑफ ते सांगते. याहून सोपं काय करून द्यायचं? घास करून तोंडात घातला, आता चावायलाही मीच येऊ?

टीएलपीचं नाव निघालंच आहे तर त्याची सेटिंगची फाइल उघड. माझ्यासमोर उघड. ही ओळ वाच मोठ्यानं. सुरू होताना कुठली उपकरणं बंद ठेवायची, त्यापुढे काय लिहिलंय? ब्लूटूथ. कुणी लिहिलं? बॅटरी जास्त टिकावी म्हणून कुणाची तरी अख्खी फाइल तू उचललीस आणि चिकटवलीस. म्हणजे ती 'बंद' खूण मुळात इथून आली. रेडिओ तू बंद केलास. स्वतःच्या हातानं. आणि फॉरमॅटनंतर पुन्हा तीच फाइल आणून ठेवलीयस, म्हणजे पुढच्या वेळी मशीन सुरू केलंस की पुन्हा बंद. कंपनीला शिव्या दिल्यास, लिनक्सला दिल्यास, कार्ड विकणाऱ्याला दिल्यास. या सगळ्यांची तू माफी मागायला हवीस, पण ते राहू दे.

इथंच खरी गोम आहे, म्हणून कान देऊन ऐक. तू विचारत का नाहीस, ते मला कळलंय. विचारायचा कंटाळा आहेच. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी आहे. अंदाज बांधत राहिलं की दोष लॅपटॉपचा राहतो. नीट विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तरात कदाचित आपलंच नाव निघतं. ते नाव निघू नये म्हणून तू विचारायचंच टाळतोस. 'कळत नाही' या शब्दांना तू पांघरूण केलंयस. पण मशीनला तुझी भीड नाही. तू विचारलंस काय आणि नाही विचारलंस काय, ओळ फाइलमध्ये आहे ती आहेच.

विंडोजवाल्यांनी हसू नये. पॉवरशेलमध्ये गेट-सर्व्हिस लावून बीटीएचसर्व्ह या सेवेची अवस्था विचारता येते. गेट-पीएनपीडिव्हाइसला ब्लूटूथ हा वर्ग सांगितला की सगळी उपकरणं त्यांच्या तब्येतीसकट समोर येतात. मॅकवर सिस्टिम प्रोफायलर आहे. म्हणजे 'माझ्याकडे लिनक्स नाही' ही सबबही गेली. तोंडं फिरवून बसलेल्या मागच्या बाकालाच सांगतोय मी.

आता तुझं प्रोजेक्ट. उसाच्या रानातली ओल मोजायची, एचसी-०५ मॉड्यूलनं ती लॅपटॉपवर आणायची. कल्पना चांगली आहे. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रानं मायक्रोसॉफ्टचं तंत्र आणि ऑक्सफर्डचं सहकार्य घेऊन उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग उभा केला, तो बघून तुला सुचली असेल. चांगलंच आहे. पण ब्लूटूथ पोचतं किती? तुझ्या असल्या मॉड्यूलचा हिशेब साधारण १० मीटरचा. गुंठा केवढा? ३३ फूट बाय ३३ फूट. ३३ फूट म्हणजे किती मीटर? १० च. म्हणजे तुझा रेडिओ गुंठ्याच्या एका बाजूइतका पोचतो. एकरात गुंठे किती? ४०. आता तूच सांग, लॅपटॉप घेऊन तू उसात उभा राहणार आहेस का? हा हिशेब तुझ्या आजोबांनी तोंडी केला असता. तू अहवालात 'संपूर्ण शेताचे निरीक्षण' असं छापलंस.

आणि ते मॉड्यूल 'पेअर होतं, पण कनेक्ट होत नाही' ही तक्रार. एचसी-०५ फक्त सिरियल पोर्ट देतं. हेडफोनला म्हणतोस तसं त्याला नुसतं 'कनेक्ट' म्हणून भागत नाही. ते पोर्ट उघडणारा प्रोग्रॅम लागतो. पायथनच्या सॉकेटमधून दहा-बारा ओळींत होतं. इन्फो विचारलं असतंस तर 'सिरियल पोर्ट' हे शब्द तिथंच लिहिलेले दिसले असते. मॉड्यूलवरचा दिवासुद्धा सांगत होता: जोडलेलं नसताना भराभर लुकलुकतो, जोडल्यावर संथ होतो. दिवा लुकलुकतोय हे तू व्हिडिओ काढून मला पाठवलंस. त्याचा अर्थ मात्र शोधला नाहीस. आणि पिन? १२३४. कारखान्यातून आली तशीच. बदलायची कुणी?

पिनेवरून आठवलं. मघाशी ब्लूटूथसीटीएल शो मध्ये 'डिस्कव्हरेबल: येस' दिसलं, तुझी नजर त्यावर थांबलीसुद्धा नाही. एरवी ते १८० सेकंदांत आपोआप मिटतं. कुठल्याशा व्हिडिओत बघून तू तो आकडा शून्य केलास. शून्य म्हणजे ताबडतोब बंद, असं तुला वाटलं ना? शून्य म्हणजे कायम उघडं. बारामती स्टँडवर, एसटीत, मेसमध्ये, जिथं लॅपटॉप उघडतोस तिथं सगळ्यांना दिसतोस. २०१७ च्या सप्टेंबरात ब्लूबॉर्न नावाच्या भेगा बाहेर आल्या, त्यात लिनक्सही होतं. २०२३ च्या डिसेंबरात मार्क न्यूलिन या संशोधकानं दाखवून दिलं की असा उघडा लॅपटॉप, मालकाला न विचारता, खोट्या कीबोर्डशी जोडून घेता येतो आणि त्यावर हवं ते टाइप करता येतं. दुरुस्ती आली, अपडेटमधून आली. तू अपडेट कधी केलंस? "नेट पॅक संपतो, सर." रील्सला नाही संपत.

तुझी परीक्षा बघतोय असं समजू नकोस. व्हायवात मी विचारेन आणि तू पाठ केलेलं सांगशील, ते दोघांनाही जमतं. मला काळजी पुढची आहे. पुण्याला हिंजवडीत मुलाखतीला बसशील. समोरचा ७९ चॅनेल विचारणार नाही. तो एक बंद पडलेलं मशीन पुढ्यात ठेवेल आणि गप्प बसेल. तू पहिल्यांदा काय करतोस, तेवढंच बघेल. तिथं 'फॉरमॅट मारू का?' म्हणालास तर मुलाखत तिथंच संपली. आणि तू गावीच राहिलास, रानात सेन्सर बसवायचा धंदा केलास, तरी तेच. शेतकरी फोन करून 'चालत नाही' म्हणेल. त्याचा तो हक्क आहे, त्यानं पैसे मोजलेत. त्या दोन शब्दांतून सहा प्रश्न काढणं हेच तुझं पोट असेल. दोघंही 'चालत नाही' म्हणत बसलात तर ऊस कोण वाचवणार?

आता काम ऐक. सोमवारी लॅबला येताना एक कागद आणायचा. हातानं लिहिलेला, छापलेला चालणार नाही, चिकटवलेला तर मुळीच नाही. सहा ओळी. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: मी काय विचारलं, मशीन काय म्हणालं, त्याचा अर्थ काय. सहावी ओळ लिहून होईपर्यंत लॅपटॉपमधली एकही गोष्ट बदलायची नाही. सुडो फक्त बघण्यासाठी. मधेच उत्तर सापडलं तरी थांबायचं नाही, बाकीच्या ओळी पूर्ण करायच्या, कारण तुझ्या लॅपटॉपमध्ये दुखणं एकच आहे असं कुणी सांगितलंय? आणि उत्तर तुझ्या अंगावर आलं तर तसंच लिहायचं, 'टीएलपीच्या फाइलमध्ये मीच बंद केलं होतं' असं, पूर्ण वाक्यात. त्याचे गुण मी वेगळे देईन.

आणखी एक. दुसऱ्या वर्षाच्या दोघी काही अडलं की तुझ्याकडे येतात, लॅपटॉप घेऊन, तुला यातलं कळतं असं समजून. त्यांचं फारसं चुकत नाही. त्यांना आधी आरएफकिल दाखव. 'फॉरमॅट मार' म्हणालास, तर गाठ माझ्याशी आहे.